पाटाच्या टोकाला कुको ब्राकामोंते

फिनिक्स शहराने कुको ब्राकामोंतेचे दोन्ही गुडघे खाल्ले, असं त्याची बायको अंपारो येईल त्याला सांगते, आणि त्यात खोटं काही नाही. शहराच्या मध्यात आज जे मनोरे उभे आहेत, त्यांतल्या कितीतरींच्या जमिनी कुकोने घोटल्या आहेत. ओल्या सिमेंटवर फळी टाकायची, फळीवर गुडघे टेकायचे आणि थापी फिरवत मागे मागे सरकत जायचं. कोबा आरशासारखा झाला पाहिजे आणि आपल्या गुडघ्याचा डाग त्यावर राहता कामा नये. माणसं विमानातून उतरतात, मनोऱ्यांकडे मान वर करून बघतात. कुको आत शिरला की आधी खाली बघतो.

त्याचं खरं नाव रेफुहिओ. पण मेक्सिकोत आमच्या सोनोराकडे कुणा रेफुहिओला कुणी रेफुहिओ म्हटल्याचं मी ऐकलं नाही, पोलिसांनी धरलं तरच. एरवी सगळे कुकोच. माझ्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला तो धर्मबाप म्हणून उभा राहिला आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे झालो. हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड. आदल्या दिवशीपर्यंत आम्ही एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होतो, ‘तू रे मी रे’ करत होतो. चर्चमधून बाहेर पडलो ते ‘तुम्ही’ म्हणतच. सुरुवातीला फार अवघड गेलं. शिवी द्यायची तरी ‘तुम्ही’ म्हणूनच द्यावी लागे, आणि तशी दिलेली शिवी काही केल्या लागत नाही. आता इतकी वर्षं झाली की चुकूनसुद्धा तोंडातून ‘तू’ निघत नाही.

तर आमची गल्ली. मावळतीकडून उगवतीकडे जाते, मध्यवस्तीला अगदी लागून. मावळतीच्या तोंडाशी कालव्याचं पाणी येतं. तिथपर्यंत ते आणून सोडणं हे कालव्याच्या पाटकऱ्याचं काम. तिथून पुढे पाणी गल्लीचं आणि भांडणंही गल्लीची. जमिनीखालून सिमेंटचा जाड नळ सगळ्या परसांच्या मागून जातो. दर परसाला नळावर एक लोखंडी दार. दार उघडलं की पाणी वर येतं आणि चारी बाजूंनी बांध घातलेलं परस घोटाभर भरतं. वरच्याचं भरलं की त्याने आपलं दार लावायचं आणि खालच्याने आपलं उघडायचं. असं करत करत शेवटून दुसरा मी, आणि सगळ्यांत शेवटी कुको.

शेवटच्या घराचं दुखणं शेवटच्यालाच ठाऊक. वरचा झोपला, वरच्याचं बायकोशी वाजलं, वरच्याच्या घरी पाहुणे आले, की तहान शेवटच्याला. म्हणून कुकोने फार पूर्वी एक युक्ती केली. सगळ्या गल्लीचं पाणी त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं. पाण्याच्या पाळीच्या दिवशी खांद्यावर लांब दांडीची लोखंडी किल्ली टाकून तो तोंडापासून निघायचा आणि एकेकाचं दार उघडत, लावत, आपल्या घरापर्यंत पाणी चालवत आणायचा. जशी कुणी म्हैस हाकत आणावी. लोकांना वाटायचं, काय भला माणूस. अंपारो म्हणायची, भला कसला, शेवटी राहतो म्हणून करतो. दोन्ही खरं होतं.

आमच्यात एक रीत आहे. शेजारी घरी नसला, दवाखान्यात असला, सीमेपलीकडे गावी गेला असला, तरी त्याच्या झाडांची पाळी चुकवायची नाही. आपण जायचं, त्याचं दार उघडायचं, परस भरू द्यायचं, दार लावायचं, मग पुढे. माणसामाणसांत बोलणं बंद असलं तरी ही रीत मोडत नाही. इहिनियाबाई येस्कास नावाची आमची एक शेजारीण होती, गल्लीच्या मधोमध राहायची. तिच्या परसात पपनसाचं झाड होतं. फळं एवढी की खाली बाज टाकून निजायची सोय नव्हती. एकदा पाण्याबरोबर कालव्यातला हातभर लांब मासा तिच्या परसात वर आला. पोरांनी आरडाओरडा केला. मासा उड्या मारत बांध ओलांडून शेजारच्या परसात गेला, तिथून आणखी खाली, आणि शेवटी माझ्या अंजिराखाली कुकोने त्याला टोपलीखाली धरला. आता मासा कुणाचा? इहिनियाबाई म्हणाली, माझ्याकडे उगवला. कुको म्हणाला, पाणी कुणाच्या पाळीचं चाललं होतं ते बघा. मी म्हणालो, जमीन माझी. तोवर अंपारोने तो कापून, मीठ-मिरची लावून तव्यावर टाकलासुद्धा. सगळ्या गल्लीने खाल्ला, मांडे असतात तशा पातळ पोळ्यांबरोबर. पण त्यानंतर पंधराएक वर्षं इहिनियाबाई कुकोशी बोलली नाही, आणि पंधराएक वर्षं कुकोने तिच्या पपनसाला एकही पाळी चुकू दिली नाही.

कुकोच्या परसात पेकन होता. पेकन म्हणजे अक्रोडाचा लांबट भाऊ. गाड्या उभ्या करायच्या जागेसाठी शहराबाहेर एक बाग तोडत होते, कुको तिथे कामाला होता. एक काठीएवढं रोप त्याने सिमेंटच्या बादलीत घालून घरी आणलं. अंपारो म्हणाली, बादली तरी धुवायची होतीस. रोप जगलं. इतकं वाढलं की त्याची सावली कुकोचं परस, मागची वाट आणि माझ्या अंगणाचा तुकडा, एवढं सगळं झाकायची. आमच्याकडे उन्हाळा अर्धं वर्ष चालतो. दाराची मूठ हाताला पोळते. त्या दिवसांत पेकनखाली गेलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं. कुको कामावरून आला की बूट न काढता तिथे आडवा व्हायचा. घोटाभर पाण्याने परस भरलं असलं तर खुर्ची पाण्यातच टाकायचा.

आता शहर वाढलं ते वाढू नये असं कुकोच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कसं म्हणेल? वाढवणाऱ्यांतला तोच एक. पण शहर आधी दूर होतं, मग दिसायला लागलं, मग ऐकू यायला लागलं, मग दाराशी आलं. एकेक घर गेलं. गेले ते काही वाईट होऊन गेले नाहीत. कुणाची मुलं बकाय नाहीतर मॅरिकोपाकडे नव्या वसाहतींत राहायला गेली होती, ती म्हाताऱ्यांना घेऊन गेली. तिकडे घरं नवी, भिंती सरळ, आणि परसात खडी. पाण्याची भानगडच नाही. इहिनियाबाई तर वरच गेली. तिच्या भाच्यांनी घर विकलं. बघता बघता गल्लीत दिवे लागायचे ते दोनच घरांत, माझ्या आणि कुकोच्या. वरची सगळी रांग एका मनोरेवाल्या कंपनीने घेतली होती.

तरी कुको पाळीच्या दिवशी किल्ली खांद्यावर टाकून तोंडापासून निघायचाच. रिकाम्या घरांमागे जायचा, दार उघडायचा, परस भरू द्यायचा, लावायचा. माणसं नाहीत, लिंबं पिकून खाली सडतायत, आणि हा पाणी पाजतोय. तोवर त्याची नोकरी संपली होती आणि गुडघेही. एका दाराहून दुसऱ्या दाराशी जायला वेळ लागायचा. मध्येच बांधावर बसायचा.

मी एकदा म्हणालो, कोंपाद्रे, हे कुणासाठी?

“पाळी आहे,” तो म्हणाला. मला वेड्यात काढल्यासारखं बघून म्हणाला.

कंपनीकडून केल्सी लिंडग्रेन नावाची एक पोरगी यायची. पोरगीच, आमच्या मुलींच्या वयाची. उन्हाने लाल झालेली असायची, पण बोलायला गोड. कुकोच्या टेबलावर तिने मनोऱ्याचं चित्र पसरलं. चित्रात मनोऱ्याच्या पायाशी हिरवीगार झाडं, त्यांच्याखाली सडपातळ माणसं, कुत्री, सायकली. अंपारोने चष्मा लावून चित्र बघितलं आणि म्हणाली, यात आमच्यासारखं जाड कुणीच नाही, आम्ही विकून गेलो वाटतं. केल्सी हसली. ती आमची दोन्ही घरं मागायला आली होती. मी म्हणालो, कोंपाद्रे म्हणतील ते. कुको म्हणाला, नाही. मरेपर्यंत इथेच राहीन, आणि मी असेपर्यंत शेवटच्या घराला पाणी आलं पाहिजे, बाकी तुम्हाला काय बांधायचं ते बांधा, चांगलं बांधा. कायदा त्याच्या बाजूने होता. खालच्या घराला पाणी हवं असेल तर वरच्याला नळ तोडता येत नाही. शेवटी ठरलं की कंपनी आपल्या जागेच्या कडेने नळ आणि दारं तशीच ठेवील, आणि पाळीच्या दिवशी कुकोला मागच्या वाटेने जाऊ देईल.

झालं. वरची घरं पडली. जागेभोवती कुंपण आलं, कुंपणाला हिरवं कापड आलं. दारं कुंपणाच्या अलीकडे, झाडं पलीकडे. झाडंही बहुतेक गेली. पण इहिनियाबाईचं पपनस कडेला होतं, ते बरेच महिने उभं राहिलं. कुको कापड बाजूला सारून आत बघायचा, पपनस दिसलं की तिचं दार उघडायचा. तिथे परस उरलं नव्हतं, पण झाडाभोवतीचा बांध शाबूत होता. तेवढा भरला की लावायचा.

मग ती जूनमधली पाळी. सकाळीच ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. कुकोचे गुडघे त्या आठवड्यात फार सुजले होते. अंपारो म्हणाली, आज कोंपाद्रेंना पाठव. तर म्हणतो, त्यांच्या हाताला दाराचं वळण माहीत नाही. मला राग आला, पण खरं होतं. तो गेला. इहिनियाबाईच्या दाराशी आला, किल्ली बसवली, फिरवली. वाकून कापड सारायचं म्हणजे गुडघा मोडायचा, तेव्हा त्या दिवशी त्याने आत बघितलं नाही. पपनस असणारच होतं. पाण्याचा आवाज ऐकला आणि बांध भरायला लागतो तेवढ्यात थोडं टेकावं म्हणून पेकनखाली आला. अंपारोने कॉफी दिली. मी माझ्या मामाच्या खेचराची गोष्ट सांगत होतो, जे फक्त रविवारी चर्चच्या दिशेने चालायचं. ती गोष्ट लांब आहे. कुकोने ती आधीही ऐकली होती, तरी खुर्चीत मान टाकून ऐकत राहिला. मधूनच त्याचा डोळा लागला. उठला तेव्हा ऊन सरकलं होतं. स्वतःला शिव्या देत तो दार लावायला निघणार, तेवढ्यात कुंपणाकडून माणसांचे आवाज आले. कुणीतरी धावत होतं.

आम्ही दोघं गेलो. हिरवं कापड एका ठिकाणी वर केलेलं होतं. आत बघितलं तर जमीनच नव्हती. आत मनोऱ्याखाली गाड्या ठेवायला खणलेला खड्डा, दोन घरं उभी उभी बुडतील एवढा, कुंपणाच्या अगदी कडेपर्यंत आलेला. त्याच्या भिंतीवरून आमच्या पाळीचं पाणी लाल माती घेऊन खाली कोसळत होतं. तळाशी बांधलेलं लोखंड पाण्यात, दोन यंत्रं पाण्यात. कुणाला इजा झाली नव्हती, माणसं वेळेवर वर चढली होती. एका कडेची माती मात्र आत बसली होती.

कुकोने आधी किल्ली फिरवून दार लावलं. मग तिथेच उभा राहिला.

कामावरचा मुकादम चिखलाने माखून वर आला. तो निघाला बेतो मोरोयोकी. तरुणपणी त्याच्या हातात पहिली थापी कुकोने दिली होती. मुकादमाचं तोंड शिव्यांनी भरलेलं होतं, कुकोला बघून सगळ्या गिळल्या.

“मिस्त्री, हे दार कुणी उघडलं?”

“मी.”

“कशाला?”

“इहिनियाबाईच्या पपनसाची पाळी होती.”

चिखलाचा हात बेतोने पँटला पुसला, पुन्हा पुसला. “मिस्त्री,” तो हळू आवाजात म्हणाला, “पपनस सोमवारी तोडलं.”

कुकोने खड्ड्याकडे बघितलं. जिथे झाड असायचं तिथे हवा होती.

“मला सांगायचं होतंस,” तो म्हणाला.

“काय सांगणार होतो?”

खरंच, काय सांगणार होता? रिकाम्या जागेवरचं, मेलेल्या बाईचं झाड तोडलं, हे कुणी कुणाला सांगायला जातं का? बेतोला आता आपल्या मिस्त्रीची काळजी लागली. म्हणाला, मी वर सांगतो की दार गंजलं होतं, आपोआप सुटलं. त्यावर मात्र कुको चिडला. “गंजलेलं दार अडकतं, बेतो, सुटत नाही. खोटं बोलायचं तर धंद्याला शोभेल असं तरी बोल. म्हाताऱ्याने उघडलं म्हणून सांग.” आणि किल्ली खांद्यावर टाकून निघाला. त्या दिवशी आमच्या परसात पाणी आलं नाही. मागायला कुणी गेलंही नाही.

मला वाटलं आता वकील येतील. आली केल्सी. चेहरा उतरलेला. बिचारीला रात्रीची झोप नसावी. अंपारोने आधी तिला पाणी दिलं, मग खुर्ची. ती धमकी द्यायला आली नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं. म्हणाली, चूक कुणाची हे कुणी काढणार नाही. पण खड्ड्याच्या कडेने पाण्याचा नळ चालू आहे तोवर काम करू द्यायला विम्याचे लोक तयार नाहीत. नळ दुसऱ्या रस्त्याने वळवून आणायचा तर परवानग्या काढता काढता हिवाळा येईल. तुम्ही दोघांनी पाण्याचा हक्क सोडलात तर नळ लगेच बंद करता येईल. झाडासाठी कंपनी घराच्या नळाला लांब नळी जोडून देईल. नाही सोडलात तरी हरकत नाही, तुमचा हक्क आहे, काम तेवढं थांबेल.

कुको म्हणाला, बघतो. ती गेल्यावर मला म्हणाला, थांबू दे. थांबलं तर काय होतं? एवढे मनोरे आहेत, एक उशिरा झाला तर कुणाचं घर उन्हात पडतं? मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी त्याच्या आवाजात जरा जोर होता. म्हणालो, तुम्ही हलू नका, मीही हलत नाही, आपण दोघं मिळून एक शहर अडवून धरू. तो हसला.

काम थांबलं. खड्ड्यातलं पाणी आटलं, भेगा पडल्या. पण कामावरची माणसं येतच राहिली. रोज सकाळी यायची, आज सुरू होईल, उद्या होईल म्हणून थांबायची. दुसरं काम मिळालं ते गेले, उरलेले बसायचे. आता बसायचे कुठे? आजूबाजूला सगळं उघडं, सिमेंट आणि तापलेला पत्रा. सावली एकच. पहिल्या दिवशी मागच्या वाटेवर पेकनच्या फांद्या येतात तिथे उभे राहिले. मग कुंपणाला टेकून बसले. मग अंपारोने फाटक उघडलं आणि म्हणाली, चोरासारखे बाहेर काय बसता, आत या. ती त्यांच्यासाठी पोळ्यांत घेवडा गुंडाळून आणायची. ते डबे आणत, पण तिचंच खात. बहुतेक आमच्याच बाजूचे, सोनोरा-सिनालोआचे. त्यांच्यात एक ओक्ताव्हिओ म्हणून होता, गुडघ्यांना पट्टे बांधलेला, अजून तरुण.

कुको त्यांच्यात खुर्ची टाकून बसायचा. धंद्याची माणसं भेटली की तो खुलायचा. उन्हात कोबा किती लवकर पाणी ओढून घट्ट होतो, कधी पाणी शिंपायचं, कधी हात लावायचा नाही. ओक्ताव्हिओने विचारलं, मिस्त्री, तुमच्या गुडघ्यांचं काय झालं? कुकोने बोटाने मध्यवस्ती दाखवली. “तो काळ्या काचेचा दिसतो ना? तिथे आत आहेत. मिळाले तर आण.” सगळे हसले. मग हसणं थांबलं आणि कुणी फोनवर घरी बोलायला लागलं की आजही नाही, उद्या बघू. दुसऱ्यानेही तेच. बोलणं सगळ्यांचं सारखंच होतं, खाली मान घालून. त्यांच्यापैकी कुणी कुकोला एका शब्दाने म्हणालं नाही की तुम्ही नळ सोडा. त्यांना माहीत होतं काम कशाने थांबलंय. तरी नाही म्हणाले. बेतो तर यायचाच बंद झाला, तोंड दाखवायला नको म्हणून.

असे काही दिवस गेले. कुको त्यांच्यात बसायचा, पण बोलणं कमी झालं. मग एक दिवस ती माणसं आपापल्या गाड्यांत बसून गेल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “कोंपाद्रे, तुमच्या अंजिराचं काय होईल?”

मला कळलं. म्हणालो, अंजीर निर्लज्ज झाड आहे, गटारावरसुद्धा जगतं, त्याची काळजी करू नका.

“पेकन जगायचा नाही.”

“नळीने घाला पाणी.”

“नळीने तोंड ओलं होतं. पोट भरत नाही.” मग म्हणाला, “ती पोरं माझ्या झाडाखाली बसतात, कोंपाद्रे. आणि बिनकामाची बसलीत ती माझ्या झाडापायी.”

मी माझी खुर्ची त्याच्या खुर्चीजवळ ओढली.

तो म्हणाला, मी फार दमलो. पाणी हे गल्लीचं काम होतं, एकट्याचं नाही. मी ते एकट्याने ओढत होतो. दारं उघडत होतो, लावत होतो, आणि झाड तिथे नव्हतंच. नुसता हात चालत होता. अंपारो तोवर दाराशी येऊन उभी राहिली होती. आयुष्यभर तिने पाण्याला सवत म्हटलेलं. पाळीच्या दिवशी तिच्या औषधाची वेळ विसरायचा आणि शेजारणीच्या पपनसाची नाही, हे तिचं नेहमीचं गाऱ्हाणं. मला वाटलं, आता तरी म्हणेल, सुटलो.

“मला न विचारता ठरवलंस, म्हाताऱ्या,” ती म्हणाली.

“अजून ठरवलं नाही.”

“ठरवलंस. तुझी मान सांगते.” तिने एकदा झाडाकडे बघितलं. “मग लवकर कर. ती पोरं रोज घेवडा खाऊन कंटाळली असतील.”

केल्सी कागद घेऊन आली. मी सही केली, कुकोने केली, अंपारोने त्याच्याआधीच केली होती. केल्सीला चांगलं काही करावंसं वाटलं असेल. ती म्हणाली, बंद करण्याआधी एक शेवटची पाळी घ्या, मी पाटकऱ्याला सांगते, परस काठोकाठ भरून घ्या. मी तर लगेच हो म्हणणार होतो. मनात म्हटलं, खुर्च्या पाण्यात टाकू, बेतोला बोलावू. कुको म्हणाला, नको. निरोपाचं पाणी असं काही नसतं. आलेली पाळी घ्यायची असते, मागून घ्यायची नसते. लांब दांडीची किल्ली त्याने बेतोकडे पाठवून दिली, नळ बंद करायला लागेल म्हणून. बेतोने नळाच्या तोंडात सिमेंट भरलं. नीट भरलंय का, बघायला कुको गेला नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या वाटेवर सावलीत कुणी नव्हतं. यंत्रांचा आवाज सुरू झाला आणि अंपारोने भांडी घासता घासता आवाज वाढवून बोलायला सुरुवात केली, ती अजून तशीच बोलते.

पेकनला नळी दिली. पहिला उन्हाळा त्याने काढला. खोलवरची ओल पुरली असेल. दुसऱ्या उन्हाळ्यात शेंड्याच्या फांद्यांना पानं आली ती लहान आली आणि ऑगस्टमध्येच गळाली. फळं धरली, पण आत गर नाही, नुसतं कवच. कुकोची मुलगी नेलिदा बकायहून दर रविवारी येते, म्हणते, पपा, आता काय राहिलंय इथे, चला. तो म्हणतो, बघू. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. पूर्वी ‘नाही’ म्हणायचा. माझ्या अंजिराला मात्र काही झालं नाही. निर्लज्ज म्हणालो होतो ते खरंच. मी त्याची फळं कुकोकडे नेतो. तो खातो, पण झाडाबद्दल विचारत नाही.

मनोरा पुरा झाला. आमच्या मावळतीला अगदी उभा. त्याच्या बाल्कन्यांत सडपातळ माणसं आली, कुत्री आली. बेतोने एकदा कुकोला आत नेऊन खालची फरशी दाखवली. कुको वाकू शकत नाही, म्हणून बुटाचा तळ फिरवून बघितला आणि काही बोलला नाही. बेतो म्हणतो, काही बोलला नाही म्हणजे पास झालो.

परवा मी दुपार कलता गेलो होतो. दोघं परसात बसली होती. तेवढ्यात मनोऱ्याची सावली आली. ती आधी कुंपणावर येते, मग पेकनच्या वाळक्या फांद्यांवर, मग खुर्च्यांवर. सगळं एकाएकी निवतं. अंपारो म्हणाली, “घे. सावलीसाठी एवढा जीव टाकत होतास. आता रोज फुकट.”

“घोटाई कुणाची?” कुकोने विचारलं.

“बेतोची. तुला माहीत आहे.”

“मग बरी असेल,” तो म्हणाला आणि डोळे मिटले.

पेकनच्या बुंध्याशी नळी चालू होती. खळगा भरून पाणी बाजूला वाहायला लागलं होतं. मला वाटलं, हा आता उठेल. नाही उठला. आवाज त्याला ऐकू येत होता, मला माहीत आहे. पाण्याचा आवाज त्याला झोपेतही ऐकू यायचा. मी खुर्ची सरकवली, तेवढ्यात अंपारो गुडघ्यांवर हात ठेवून उठली, हळूहळू भिंतीपाशी गेली आणि तोटी बंद करून आली.